ट्रेस मारलेला लोगो कटिंगला का चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की व्हॉट्सॲपवर आलेला लोगो कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन पॉवरट्रेस (चित्रावरून आपोआप रेषा आखणारं टूल) मारला की पाच मिनिटांत काम होतं, तुमच्या तालमीचा लोगो तसाच केला, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना ‘हाताने आखा’ म्हणणं म्हणजे नव्या पोरांना घाबरवणं.

फ्लेक्सपुरतं मला हे मान्य आहे. दहा बाय पंधराच्या बोर्डाला तर ट्रेसही लागत नाही, रस्त्यापलीकडून कोण कडा बघतंय? ट्रेस मारलेला लोगो चालत नाही असं मी लेखात लिहिलं, ते मशीनने कापायच्या, म्हणजे कटिंगच्या फाइलबद्दल. रेडियम, ॲक्रिलिकची अक्षरं, उद्यमनगरच्या कारखान्यात लेझरवर कापायचा पत्रा. तिथे ब्लेड रेषेवरूनच चालतं. रेषा वाकडी तर माल वाकडा.

व्हॉट्सॲपवरचा फोटो जेपेग असतो, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल. जेपेग करताना चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील उडवतात. रंगाची माहिती तर बहुतेकदा आडवी-उभी निम्मीच ठेवतात. म्हणून पिवळ्यावर लाल अक्षर असलं (आपल्याकडे ते असतंच) की कडेला नारिंगी धुरकट पट्टा येतो, आजूबाजूला ठिपके उठतात. ट्रेसला यातलं अक्षर कुठलं आणि घाण कुठली हे कळत नाही. तो पट्ट्याभोवतीही रेषा मारतो.

देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. ठिपके गाळायची सोय ट्रेसमध्ये असते, ठरावीक आकारापेक्षा लहान तुकडा टाकून द्यायची. पीटर सेलिंजर यांचं २००१ सालचं पोट्रेस हे ट्रेसचं सॉफ्टवेअर इंकस्केप या फुकट ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या आत आहे. त्यात हा आकडा मुळात २ पिक्सेल असतो. जेपेगचे ठिपके तेवढ्यात जात नाहीत, म्हणून आपण तो वाढवतो. पण ३०० पिक्सेल रुंदीच्या लोगोत अनुस्वार ठिपक्याएवढाच असतो. घाणीबरोबर तोही जातो आणि ‘मंडळ’चं ‘मडळ’ होतं. आकडा कमी ठेवला तर शिरोरेषेवर गाठी राहतात. तालमीचं नाव पत्र्यात कापून दारावर लागणार, ते कायम तिथे राहणार. तिथे ‘मडळ’ मला खपत नाही.

एआयने चित्र मोठं करून घ्यायचा उपाय तुम्ही सुचवलात. पानाफुलांना, वाघाच्या तोंडाला ठीक. पण जोडाक्षरात तो अंदाजाने रेषा भरतो, आणि अक्षरात अंदाज चालत नाही.

सगळंच हाताने आखा असं माझं म्हणणं नाही. आधी मूळ फाइल मागा. लेटरहेडच्या पीडीएफमध्ये लोगो पुष्कळदा व्हेक्टरच (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेला) असतो, इंकस्केपमध्ये उघडून अनग्रुप केलं की नोड, म्हणजे रेषेला वळवणारे बिंदू, दिसतात. नसेल तर चित्र चौपट करा, हलका ब्लर द्या, एकेक रंग वेगळा काढून काळा-पांढरा करा, मग ट्रेस मारा. वर्तुळ टूलनेच काढा, त्याला ४ नोड पुरतात. ट्रेस तिथे ढीगभर टाकतो आणि मशीन प्रत्येकावर अडखळतं. अक्षरं जुळत्या फॉन्टमध्ये टाइप करून शेवटी कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या रेषा करा. फॉन्ट सापडलाच नाही, तर तेवढीच अक्षरं हाताने आखा.

तुमच्या तालमीचा लोगो मला पाठवा, मी याच पद्धतीने करून फाइल देतो, मग तुमच्या ट्रेसवर ठेवून बघा. फक्त फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत तो आणखी एकदा दाबून लहान केला जाईल.