सूर्याकडे पाठ करून सूर्य मोजणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. सूर्य समोर असताना पृथ्वीच्या हवेवरून परावर्तित झालेल्या उजेडातून त्याचं ईयूव्ही, म्हणजे सर्वात तीव्र अतिनील किरणं, मोजणं हा द्राविडी प्राणायाम आहे. आणि हवेचं मॉडेल आधीच गृहीत धरलं, तर उत्तर आधीच खिशात असतं. पहिला मला अजिबात पटत नाही, दुसरा थोडा पटतो.

मुळात हा उजेड परावर्तित नाहीच. 45 नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीची किरणं हवेतल्या अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन उपटतात. ते इलेक्ट्रॉन पुढे ऑक्सिजनच्या अणूंवर आणि नायट्रोजनच्या रेणूंवर आदळतात, आणि हे अणू-रेणू चमकतात. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याच्या वाफेचं होतं, तेच. डिसेंबर 2001 मध्ये सोडलेल्या टाइमेड उपग्रहावरचं गुव्ही हे उपकरण खाली बघून हीच चमक टिपतं: ऑक्सिजनची 135.6 नॅनोमीटरला, नायट्रोजनची त्याच्या आसपासच्या पट्ट्यांत.

आता मॉडेल. ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या या दोन रंगांच्या गुणोत्तरातून हवेची घडण कळते, एकूण तेजातून ईयूव्ही. हवा तापून फुगली तर किरणं जरा वर अडतात, पण अडतातच. वरून बघणाऱ्याला एकूण तेजात फार फरक दिसत नाही. खरी दुखरी नस वेगळीच आहे. इलेक्ट्रॉन आदळल्यावर रेणू चमकण्याची शक्यता प्रयोगशाळेत मोजावी लागते, आणि तिथली अनिश्चितता थेट आकड्यात उतरते. म्हणून माझा भरवसा चढउतारांवर जास्त, नुसत्या आकड्यावर कमी. (ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा तर वगळावाच लागतो, तिथे वरून कोसळणारे कणही हेच रंग उजळवतात.)

आणि 'थेट' मोजमापाचं काय? टाइमेडवरच एसईई हे सूर्याकडे बघणारं उपकरण आहे. सुमारे 97 मिनिटांच्या फेरीत त्याला सूर्य जेमतेम 3 मिनिटं मिळतो. शिवाय 27 नॅनोमीटरच्या खाली त्याचे फोटोडायोड फिल्टरमागचा एकूण प्रवाह तेवढा सांगतात. त्याचे आकडे करायला सौर वर्णपटाचं मॉडेलच लागतं. मॉडेलच्या तावडीतून सुटलंय कोण?

2003 च्या सौरज्वाला बघा. 28 ऑक्टोबरची एक्स17, 4 नोव्हेंबरची एक्स28 (एक्सपुढचा आकडा क्ष-किरणांतली तीव्रता सांगतो). क्ष-किरणांत दुसरी कितीतरी मोठी. पण जीपीएसच्या नोंदींत आयनांबरातले, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन पहिलीने सुमारे 25 टीईसी एककांनी (हे उभ्या स्तंभातले इलेक्ट्रॉन मोजायचं एकक) वाढवले, दुसरीने 5 ते 7. कारण पहिली सूर्यबिंबाच्या मध्याजवळ होती, दुसरी पश्चिम कडेला. कडेवरून निघालेलं ईयूव्ही सूर्याच्याच वातावरणाच्या जाड थरात बरंचसं अडतं. पृथ्वीच्या हवेत प्रत्यक्ष किती जिरलं, हे क्ष-किरणांच्या वर्गवारीने सांगितलं नाही, हवेने सांगितलं.

गोल्ड हे उपकरण 2018 पासून भूस्थिर कक्षेतून हीच पद्धत वापरतंय. पूर्ण वर्णपट मात्र त्यातूनही मिळत नाही, 45 नॅनोमीटरखालची एकत्रित बेरीजच मिळते. वर्णपट हवा असेल, तर सूर्याकडे तोंड केलेलं उपकरण लागणारच, तिथे तुमचं-माझं एकमत आहे.