दीडपट वेगाने बघितलेला मंगळ

आज डोकं फिरलंय. लिहून मोकळी होते, मग भांडी घासायला जाते.

रविवार म्हणून भाच्याला डबा द्यायला गेले होते. माझ्या बहिणीचा मुलगा, बारावीला आहे, नीटची तयारी करतोय. लातूरला या वयाची पोरं कशी राहतात तुम्हाला माहीतच आहे. एका रूममध्ये तिघं, भिंतीवर आवर्त सारणी, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. हा पठ्ठ्या कॉटवर आडवा, कानात इअरफोन, मोबाइल उशीला टेकवलेला. ‘द मार्शियन’ बघत होता, मंगळावर अडकलेल्या माणसाचा पिक्चर. बघू दे की. पण पात्रं इतकी भरभर का बोलतायत म्हणून मी वाकून बघितलं, तर स्पीड दीडपट. १४१ मिनिटांचा पिक्चर ९४ मिनिटांत उरकायचा होता त्याला.

आणि उशाशी माझं पुस्तक, ज्या इंग्रजी कादंबरीवरून हा पिक्चर निघाला तेच. तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः हातात दिलेलं. वर पाण्याची बाटली ठेवलेली, तिचा गोल डाग उठलेला मुखपृष्ठावर. पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतं.

मी म्हणाले, अरे, आधी वाच म्हणून दिलं होतं ना? तर म्हणतो कसा, “मावशी, स्टोरी कळाली की. एकटा राहतो, बटाटे लावतो, वाचतो.”

तो वाचतो बाबा, पण तू कधी वाचणार?

पुस्तक उचललं, पिशवीत टाकलं आणि निघून आले. डबा पण नीट उघडून दिला नाही.

तुमच्यापैकी निम्म्या लोकांना माझं या पुस्तकाशी काय नातं आहे ते माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१६ चा एप्रिल. लातूर. त्या उन्हाळ्याबद्दल लातूरकरांना वेगळं काही सांगायला नको. धनेगावचं मांजरा धरण कोरडं, नळ विसरलेले, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते १२ एप्रिलला. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, एकेका वाघिणीत ५० हजार लिटर. गावाकडचं बोअर आटलं म्हणून अण्णा आणि आई माझ्याकडे राहायला आलेले. आमच्या गल्लीत टँकर कधी यायचा त्याला धरबंद नव्हता. रात्री अकराला येईल, दोनला येईल. रांगेत घागरी लावायच्या आणि बसायचं.

मी तेव्हा हे पुस्तक वाचत होते. पिक्चर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये येऊन गेला होता. सगळे बघ बघ म्हणत होते, मी थांबले होते. रांगेत मोबाइलच्या उजेडात वाचत बसायचे. अण्णा शेजारी पालथ्या घागरीवर. तिसऱ्या-चौथ्या रात्री ते म्हणाले, “काय वाचायलीस एवढं? हसायलीस बी मधीच.”

मी म्हणाले, एक माणूस आहे अण्णा, मंगळावर गेला होता सहा जणांत. वादळ आलं, बाकीच्यांना वाटलं हा मेला, ते यान घेऊन गेले. आता हा एकटाच आहे तिथे. पुढचं यान यायला चार वर्षं. खायला आहे ते तेवढं पुरत नाही.

“मग हसायलीस काहून?”

तोच हसवतोय, म्हणाले.

अण्णांना इंग्रजी येत नाही. सातवी शिकलेत. मग मी त्या रात्रीपासून वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा ते पुस्तक अण्णांना जास्त कळलं.

त्याच्याकडे बारा बटाटे निघाले म्हटल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न, “डोळे हायत का त्याला? शिजवलेले नसतील तर बेणं होतंय.” पुढच्याच पानावर तो डोळे राखून फोडी करतो. थोडीशी पृथ्वीवरची माती त्याच्याजवळ असते, ती तो मंगळाच्या निर्जीव मातीत मिसळतो, जिवाणू पसरावेत म्हणून. मी कसं सांगावं विचार करतेय तोवर अण्णा म्हणाले, “विरजण लावायलंय.” आणि खत? मी जरा लाजत लाजत सांगितलं की स्वतःचंच वापरतो. अण्णा रांगेत मोठ्यानं हसले. “सोनखत! लेका, नासानं शिकवलं व्हय हे? माझा आजा घालत होता.”

राहायच्या घराची सगळी जमीन मिळून ९२ चौरस मीटर. अण्णांनी मनात हिशेब केला. “म्हंजे गुंठाबी न्हाई की!” एका घनमीटर मातीला ४० लिटर पाणी लागणार, हे वाचलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. समोरच्या घागरींकडे बघत म्हणाले, “पाणी कुठनं आणायलंय मग ते?”

हा प्रश्न. या एका प्रश्नासाठी मी म्हणते की आधी पुस्तक वाचा.

कारण पिक्चरमध्ये हा प्रश्न पडायच्या आत उत्तर येतं. पुस्तकात तो प्रश्न घेऊन तुम्हाला झोपावं लागतं. तो माणूस, मार्क वॉटनी, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मेकॅनिकल इंजिनिअर, ज्या छोट्या यानाने ते मंगळावर उतरले, त्या मागे राहिलेल्या यानाच्या उरलेल्या इंधनातून पाणी करायचं ठरवतो. हायड्रॅझिन नावाचं इंधन, जहाल विषारी. ते इरिडियम नावाच्या धातूवरून थेंब थेंब सोडलं की फुटून नायट्रोजन आणि हायड्रोजन वेगळे होतात, आणि हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला की पाणी. म्हणजे घरात बसून रॉकेटचं इंधन पेटवायचं. काही दिवस जमतं. मग त्याच्या लक्षात येतं की सगळा हायड्रोजन जळतच नव्हता. अख्खं घर हायड्रोजनने भरलंय. एक ठिणगी पडली की संपलं. पिक्चरमध्ये एक धडाका होतो, माणूस उडून पडतो, थिएटर हसतं, पुढचा सीन. पुस्तकात तो पोशाख चढवून गाडीत जाऊन बसतो, घाबरलेला. आणि तुम्ही त्याच्यासोबत बसता, पानंच्या पानं.

नेमकी मी त्या पानावर होते आणि टँकर आला. पुस्तक ओढणीत गुंडाळलं, घागरी उचलल्या, पळालो. पाइपची ओढाओढ, बायकांचा आरडाओरडा, कुणाची तरी घागर फुटली, नेहमीचं सगळं. अर्ध्या तासाने अण्णा सहा घागरी आत ठेवून आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, दम लागलेला. पायरीवर बसले आणि पहिला शब्द काय? “मग? पेटलं का?”

आता सांगा, ही गोष्ट दीडपट वेगाने कशी घडणार?

दुसऱ्या रात्री मागच्या घरातल्या दोन बायका घागर घेऊन आमच्याजवळच बसल्या. “ताई, त्या बटाट्यावाल्याचं काय झालं?” अण्णांनी आधीचं सगळं त्यांना सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा, हे कळल्यावर त्यातली एक म्हणाली, “म्हंजे रांगेत चाळीस मिनिटं ज्यास्तीचं बसावं लागंल.” पाडवा होऊन चारच दिवस झाले होते. आंघोळ कधी केली असं कुणी विचारलं की गल्लीत एकच उत्तर होतं, पाडव्याला.

या पुस्तकातला विनोद असा आहे. लोक म्हणतात मजेशीर पुस्तक आहे. आहेच. पण तो माणूस आपल्याला हसवायला विनोद करत नाही. तो रोजच्या नोंदी लिहितो, त्याही कुणासाठी? आपण मेल्यावर कधीतरी कुणाला सापडतील म्हणून. पहिल्याच ओळीत शिवी हासडून सांगतो की माझं आता संपलं, आणि मग लगेच मोजायला बसतो. किती कॅलरी, किती दिवस, किती लिटर. मोजता मोजता विनोद येतो. ज्याला मोजून जगावं लागलंय त्यालाच तो विनोद कळतो. त्या उन्हाळ्यात आपण काय करत होतो? भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासला. आणि वर एकमेकांची टिंगल. रडत बसलेला एक माणूस मला आठवत नाही.

आणखी एक. नोंद वाचतोय म्हणजे ती लिहीपर्यंत तो जिवंत आहे, एवढंच आपल्याला कळतं. पुढची नोंद आहे का नाही, पान उलटल्याशिवाय कळत नाही. पिक्चरमध्ये तो कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, चेहरा दिसतो, डोळे दिसतात. माणूस समोर आहे म्हटल्यावर भीती निम्मी होते.

हो, माहीत आहे मला कमेंटमध्ये काय येणार ते. पिक्चर चांगला आहे. आहे, बाई, चांगला आहे, ऑस्करची सात नामांकनं होती. मंगळाची हवा इतकी विरळ आहे, पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी दाब, की तसलं वादळ यानाला आडवं करूच शकत नाही, हेही माहीत आहे. लेखकानेच कबूल केलंय. पुढे?

पण त्या पिक्चरला गोल्डन ग्लोबमध्ये ‘विनोदी किंवा संगीतमय’ गटातलं बक्षीस दिलं गेलं, ते मला अजून पटत नाही. आणि शेवटच्या लांब प्रवासात त्या माणसावर जे येतं, त्यातली मोठी मोठी संकटं पिक्चरने सरळ गाळून टाकलीत. काय ते सांगणार नाही. माझ्या अण्णांनी ते ऐकताना हातातली तंबाखू तशीच धरून ठेवली होती, एवढंच सांगते.

हे पुस्तक मुळात आलं तेही तुकड्यातुकड्यानेच. लेखक अँडी वीअर प्रोग्रॅमर होता. एकेक प्रकरण लिहून स्वतःच्या वेबसाइटवर फुकट टाकायचा, लोक पुढच्याची वाट बघायचे, रसायनातल्या चुका दाखवून द्यायचे. २०११ मध्ये त्याने ९९ सेंटला किंडलवर टाकलं, छापील पुस्तक २०१४ चं. म्हणजे आमची टँकरची रांग त्या पहिल्या वाचकांसारखीच वाचत होती, थांबून थांबून. हे मला नंतर कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

जूनमध्ये पाऊस आला. अण्णा पेरणीला गावी गेले, सोयाबीन आणि तूर. पुस्तकाची शेवटची साठेक पानं राहिली होती, ती मी त्यांना फोनवर सांगितली, चार-पाच संध्याकाळी. दिवाळीला गावी गेले तेव्हा लॅपटॉपवर पिक्चर लावला. अण्णा सगळा बघत बसले, इंग्रजी कळत नसताना, कुठे काय चाललंय ते मलाच आधी सांगत होते. संपल्यावर म्हणाले, “चांगलाय. पर हे ते न्हाई.”

ते म्हणजे कोण, मी विचारलं.

तर अण्णांच्या डोक्यातला मंगळावरचा माणूस आमच्या धाकट्या चुलत्यांसारखा दिसत होता. बुटका, काळा, कानात भिकबाळी, मोटर जळाली तरी आधी एक शिवी आणि एक विनोद, मग पाना हातात. काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर अंतराळवीराचा चेहराच दिसत नाही, केशरी धुळीत नुसता पोशाख. अण्णांनी त्या पोशाखात आपल्या भावाला बसवलं होतं. दोन महिने रांगेत ते भावाची गोष्ट ऐकत होते, आणि मला पत्ता नव्हता.

पिक्चर आधी बघितला असता तर तिथे मॅट डेमन बसला असता. चांगला नट आहे, पण आमचा काका नाही ना तो.

हे लिहिता लिहिता राग उतरायला लागलाय. पोराचंही खरं आहे. सकाळी सहाला क्लास, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका, आठवड्यातून एकदा दोन तास मिळतात त्याला. त्यातही तो पिक्चर बघताना घड्याळाकडे बघत होता. क्लासमधल्या कुणीतरी गेल्या महिन्यात एका मुलीची कादंबरी ‘अवांतर’ म्हणून काढून घेतली, तो सांगत होता. अवांतर! ज्या पुस्तकात रसायन आहे, वनस्पतिशास्त्र आहे, भौतिकशास्त्र आहे, ते या पोरांना अवांतर. आणि पोरांना दोष देऊन आम्ही डबा आपटून घरी.

मघाशी अण्णांना फोन केला, झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं माझी बाजू घेतील. म्हणाले, “पुस्तक कशाला उचलून आणलीस? ठिवायचं तिथंच. पाणी हुईस्तोर तरी वाचंल पोरगं.” मग विचारलं, “जेवला का ते?”

बघितलं नाही मी.

उद्या शाळेतून सुटल्यावर परत जाते. पिक्चर निम्मा झालाय त्याचा, होऊ दे. बाटलीचा डाग पुसून निघत नाही, राहू दे. सोनखताचं पान दुमडून ठेवलंय, आणि डब्यात त्याला आवडतात तशा धपाट्या देईन, दह्यासोबत.