मस्टरवरचा खाडा आणि हिरवा ठिपका

परवा भाचा आमच्याकडे मुक्कामाला होता. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो नोकरी करतो आणि आठवड्यातले काही दिवस त्याला घरून काम करण्याची मुभा आहे. दुपारी पानावर बसल्यावर उजव्या हाताने वरणभात कालवायचा आणि डाव्या हाताने दर दोन-तीन मिनिटांनी शेजारचा माऊस हलवायचा, असा त्याचा कार्यक्रम चालला होता. कारण विचारले तर म्हणाला, "अरे मामा, हलवला नाही तर ऑफिसच्या चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि मग मॅनेजरचा मेसेज येतो." त्या दिवसाचे काम त्याने सकाळीच उरकले होते. २०२४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचे सोंग आणल्याबद्दल डझनाहून अधिक कर्मचारी काढून टाकले, ती बातमी वाचताना मला हसू आले होते. या वेळी आले नाही.

मी भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षे काढली. त्यांतली निम्मी साहेबांचे ऐकण्यात आणि निम्मी साहेब म्हणून ऐकवण्यात गेली. भाच्याच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहताना मला माझ्या पहिल्या कारखान्यातले पितळी टोकन आठवले. तिथे टूल स्टोअरमधून साधा ड्रिल घ्यायचा तरी स्लिपवर सुपरवायझरची सही लागे, खिडकीतल्या खिळ्याला आपल्या नंबराचे टोकन अडकवावे लागे आणि मोडलेला तुकडा जमा केल्याशिवाय नवा ड्रिल मिळत नसे. पाळी सुटली की गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा. माणूस संधी मिळाली की चोरणारच, हे गृहीत धरूनच ही सगळी व्यवस्था उभी होती. रात्रपाळीला स्टोअर बंद असे, त्यामुळे काम अडू नये म्हणून जवळजवळ प्रत्येकाच्या लॉकरमध्ये तेलकट चिंधीत गुंडाळलेले चार-पाच ड्रिल आणि आटे पाडायचा एखाद-दुसरा टॅप दडवलेला असायचा. तपासणीत हा साठा सापडला की आपला संशय किती रास्त होता याचे वरच्यांना समाधान मिळे आणि स्लिपवर आणखी एका सहीचा रकाना वाढे.

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये हाच पेच मांडला होता. माणूस मुळात कामचुकार आहे, त्याला धाकातच ठेवले पाहिजे, या समजुतीला त्यांनी 'एक्स' म्हटले; आणि योग्य परिस्थिती मिळाली तर माणूस आपणहून जबाबदारी घेतो, या समजुतीला 'वाय'. एवढे व्यवस्थापनाच्या कुठल्याही वर्गात शिकवतात. त्यांच्या म्हणण्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. कामगारात दिसणारा आळस हा त्याचा स्वभाव नसून बहुतेक वेळा त्याला मिळालेल्या वागणुकीचा परिणाम असतो, आणि साहेब त्या परिणामालाच कारण समजून बसतो.

आपल्याकडे ही गोष्ट मॅकग्रेगरांच्या बऱ्याच आधी एका गिरणीमालकाच्या ध्यानात आली होती. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. तिचा कारभार त्यांनी बेझनजी मेहता यांच्याकडे सोपवला. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतुकीतून आलेले, सुताशी काडीचाही संबंध नसलेले. कामगारांची गैरहजेरी हे तिथले मोठेच दुखणे होते. मस्टरवर खाडा मांडायचा, दंड कापायचा, बदली कामगार उभा करायचा आणि बाकीचे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, तोंडावर सोपवायचे, हा गिरण्यांतला रुळलेला इलाज. इथे मात्र माणसाने कामावर यावे असे वाटत असेल तर ती जागा यावीशी वाटण्याजोगी हवी, असा विचार झाला. गिरणीत हवा खेळती आणि दमट राखण्याची यंत्रे आली, आग विझवण्याची फवारणी बसली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. अशा भरपाईचा कायदा सरकारने केला तो १९२३ मध्ये. एम्प्रेस मिलमध्ये हे घडत होते त्याच सुमारास मुंबईत आठवड्याची एक सुटी मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा आणि अर्ज करावे लागत होते. ती मिळाली १० जून १८९० रोजी. जमशेदजींना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा विचार नाही, नफा त्यांनाही हवा होताच. पण आज मोबाईलवरून हजेरी घेणाऱ्या कित्येक कंपन्या, माणसाकडे पाहण्याच्या बाबतीत, त्या एम्प्रेस मिलच्याही मागे आहेत.

विश्वास ठेवणे म्हणजे साहेबपण सोडून देणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. खुद्द मॅकग्रेगर १९४८ पासून सहा वर्षे अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष होते आणि तिथून निघताना त्यांनी मोकळेपणाने लिहिले की, नेता हा नुसता सल्लागार राहू शकतो, अप्रिय निर्णय टाळू शकतो, हा आपला समज चुकीचा ठरला. मला तर गोड बोलणाऱ्या साहेबांचीच जास्त भीती वाटते. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असे वार्षिक स्नेहसंमेलनात सांगणारा माणूस सोमवारी सकाळी आजारपणाच्या रजेसाठी डॉक्टरांचे सर्टिफिकेट मागतो, तेव्हा त्याने आपल्याला 'एक्स'मध्ये टाकले की 'वाय'मध्ये, हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या त्या कारखान्यात पुढे नवे वर्क्स मॅनेजर आले. त्यांनी रात्रपाळीला स्टोअर उघडे ठेवले, सह्या बंद केल्या आणि ज्याने त्याने वहीत नोंद करून हवे ते न्यावे असे सांगितले. पहिल्याच महिन्यात ड्रिलचा खप एकदम वाढला. ही चैन किती दिवस टिकते कोण जाणे, म्हणून सगळ्यांनी आधी आपापले लॉकर भरून घेतले होते. मीही त्यांना जाऊन म्हटले, "साहेब, सह्या पुन्हा चालू करू या." ते म्हणाले, "थोडं थांबा." तीन-चार महिन्यांनी एका रात्री आमच्यातला सर्वांत जुना फिटर स्टोअरच्या खिडकीशी आला, तेलकट चिंधीची पुरचुंडी त्याने फळीवर ठेवली आणि स्टोअरकीपरला म्हणाला, "हे जमा करून घ्या. लॉकरमध्ये उगाच गंजायला लागलेत."