तुरटी विष ओढते म्हणे! मग वांग्याला कोण चावलं होतं?

'तुरटीचे 9 चमत्कार' हा मेसेज मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आला, मी दुर्लक्ष केलं. पण मागच्या आठवड्यात चोपडा तालुक्यात काकूच्या गावी पऱ्हाट्यांच्या ढिगातून सरपण काढताना तिच्या नातवाला विंचू चावला, सात वर्षांचं पोरगं, आणि घरातले गाडी बघायची सोडून तुरटी शोधत होते. काकू मला फोनवर सांगते, "तुरटी लाई दी की इख उतरी जास, आसं लिखेल शे ना त्यामा!" म्हणजे तुरटी लावली की विष उतरतं, असं त्या मेसेजात लिहिलंय. पाऊण तास गेला त्यात.

तर पहिला तोच चमत्कार घेऊ. तुरटी दिव्यावर तापवून डंखावर चिकटवा, ती विष ओढते आणि पोट भरलं की आपोआप गळून पडते. अरे भो, तुरटीच्या खड्यात वजनाच्या जवळपास निम्मं पाणीच असतं. साधारण 92 डिग्रीला ती त्याच पाण्यात वितळते, म्हणून चिकटते, आणि गार होऊन कडक झाली की सुटते. मी घरी बामणोदच्या भरताच्या वांग्याला लावून बघितली, चिकटली आणि थोड्या वेळाने पडली. आता वांग्यात कुठलं विष होतं? वांग्याचं जाऊ द्या, पोराच्या पायाला मात्र पोळल्याचा फोड आलाय, विंचू चावला तो वेगळाच.

आणि हे फक्त दुखण्यापुरतं नाही. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात आयुष्यभर यावरच काम केलं, 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची साधी गोळी त्यांनी वापरात आणली आणि जिथे 100 तले 30 च्या आसपास दगावायचे तिथे ते प्रमाण 4 च्या खाली आलं. ती गोळीसुद्धा डॉक्टरच्या हातूनच, लवकर. बऱ्याच विंचवांचा डंख नुसता ठणकतो आणि आपोआप उतरतो, त्याचं श्रेय तुरटीला जातं, एवढीच गंमत आहे. सापावर तर बोलतच नाही, तिथे दवाखान्यातलं विष उतरवायचं इंजेक्शन सोडून काही नाही, 108 ला फोन लावा.

बाकीचं पटापट. दुधातून तुरटीची लाही, म्हणजे तापवून फुलवलेली तुरटी, घेतली की मूळव्याध, दमा, शुगर सगळं बरं? काहीही. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, ते शरीरातून बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि शुगरवाल्यांची किडनी आधीच नाजूक असू शकते.

नजर काढताना तुरटी जाळली की नजर लावणारीचं तोंड दिसतं म्हणे. पाणी उडून ती फुगते हो! आमच्या गल्लीत त्या तोंडावरून दोन जावांचं बोलणं बंद आहे.

पाणी शुद्ध होतं हे मात्र अर्धं खरं, मानावंच लागेल. तापीला गढूळ पाणी आलं की आजी रांजणात तुरटी फिरवायची, सकाळी तळाला बोटभर गाळ. पण गाळ बसला म्हणजे जंतू मेले असं नाही, उकळावं लागतंच. दाढी करताना कापलं तर रक्त थांबतं, घामाचा वास कमी होतो, हेही खरं, मी स्वतः लावतो.

पोरगं रात्रभर सलाईनवर होतं, आता बरं आहे. काकूने मेसेज डिलीट केलाय असं म्हणते, पण काल तिच्याच नंबरवरून 'लिंबाचे 11 चमत्कार' आलं.