क्लबहाऊसच्या टीव्हीवर राज्य करू इच्छिणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मोठा टीव्ही यावा म्हणून आपण काय कमी भांडतो? पंचावन्न इंची की पासष्ट इंची, भिंतीवर की स्टँडवर, यावर वार्षिक सभेत तासभर खडाजंगी होते. मग एकदाचा तो येतो, चेअरमन नारळ फोडतात, पेढे वाटले जातात. पुढे तो वापरायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हा लेखनप्रपंच. ज्यांना हे सगळं आधीच जमतं (बी विंग, नमस्कार!) त्यांनी उजळणी म्हणून वाचावं.

सुरुवात टीव्हीच्या पाठीमागून करा. तिथे एचडीएमआयचे, म्हणजे चित्र आणि आवाज आणणारी वायर खुपसायचे, तीन-चार पोर्ट असतात. प्रत्येकाला नंबर असतो, एकावर बारीक अक्षरात ‘एआरसी’ लिहिलेलं असतं. एचडीएमआयने जोडायचा साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) तिथेच लावावा लागतो, नाहीतर टीव्हीचा आवाज त्यातून येत नाही. म्हणून नेमकी तीच वायर उपटायची आणि आपला लॅपटॉप जोडायचा. शेजारचा पोर्ट मोकळा आहे? असू दे. मोकळी जागा वापरायला काय, कुणालाही येतं. आपलं प्रेझेंटेशन, वाढदिवस, डोहाळजेवणाचा स्लाइड शो आटोपला की आपली वायर गुंडाळून निघायचं. आधीची वायर तशीच लोंबकळत ठेवायची. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाच्या आजी ‘आवाज का गं येत नाही?’ म्हणत रिमोटचं एकच बटण दाबत बसतील. तेवढाच बोटांना व्यायाम.

रिमोटमधले सेल घरच्या एसीच्या रिमोटला अगदी फिट बसतात.

टीव्हीवर स्वतःच्या ईमेलने लॉगिन करा आणि लॉगआउट करायला विसरा. आमच्याकडच्या एका सद्गृहस्थांनी हे इतकं मनापासून केलं की आता टीव्ही रिकामा असला की पडद्यावर त्यांच्या अलिबागच्या सहलीचे फोटो फिरत असतात. साडू कोण, मेहुणी कोण, कुणी भर दुपारी काळा गॉगल लावून शहाळं प्यायलं, अख्ख्या सोसायटीला पाठ आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘अरे वा, छान दिसतायत की!’

राउटरचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावा. राउटर काय, नुसते दिवे लुकलुकवत असतो.

आता सर्वात महत्त्वाचं. क्लबहाऊसच्या वायफायचा पासवर्ड नोटीस बोर्डावर चिकटवलेला आहे आणि त्याची रेंज पहिल्या मजल्यापर्यंत जाते. म्हणजे घरी नेट असलं तरी फोन सोसायटीच्याच वायफायवर ठेवायचा. पैसे झाडाला लागतात का? आणि एकदा तुमचा फोन त्या वायफायवर गेला की क्लबहाऊसचा टीव्ही त्याला घरबसल्या दिसू लागतो. कास्टचं, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर पाठवायचं, चिन्ह दाबा, टीव्ही तुमचा. आमच्या टीव्हीचं नाव पहिल्या दिवसापासून ‘लिव्हिंग रूम’ आहे, त्यामुळे तो आपल्याच बैठकीतला असावा असा प्रेमळ गैरसमज करून घ्यायलाही मुभा.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री याचं प्रात्यक्षिक झालं. नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झालेली, तरी सगळे जागे. क्लबहाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, एरवी नऊला झोपणारे आजोबा पुढच्या खुर्चीत. आपल्या शफालीच्या ८७ धावा बघून झालेल्या, दक्षिण आफ्रिकेला २९९ हवेत, आणि त्यांची लॉरा वोल्वार्ट शतक करून उभी. ती गेली तर मॅच आपली, हे शाळकरी पोरालाही कळत होतं. दीप्तीने बॉल टाकला, लॉराने उंच मारला, अमनजोत खाली धावतेय, आणि पडद्यावर बडबडगीत! रंगीत हत्ती टाळ्या वाजवतोय! पहिल्या मजल्यावर कुणीतरी बाळाला झोपवत होतं. घरच्या टीव्हीवर हत्ती दिसेना म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. आम्ही मॅच लावली, हत्ती परत. पुन्हा लावली, पुन्हा हत्ती. शेवटी कुणीतरी वैतागून टीव्हीच्या मागे हात घालून हाताला येईल ती वायर ओढली. निळा पडदा, ‘नो सिग्नल’. आणि त्याच क्षणी पलीकडच्या सोसायटीत फटाके. अमनजोतच्या हातातून चेंडू उडाला, पुन्हा उडाला आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने तो पकडला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कळलं. ५२ धावांनी भारताच्या पोरी पहिल्यांदा विश्वविजेत्या झाल्या आणि चाळीस माणसं निळ्या पडद्याकडे बघत होती!

ग्रुपवर लगेच मेसेज टाकला. तेवीस अंगठे आले. ‘हॅपी बर्थडे’चे दोन. सेक्रेटरींनी ‘नोंद घेतली आहे’ असं लिहिलं.

म्हणजे काय घेतली? काय कठीण आहे यात? टीव्हीचं नाव बदलायला एक मिनिट लागतं. क्लबहाऊसच्या राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं, म्हणजे लोकांना नेट मिळतं आणि त्यांच्या फोनला टीव्ही दिसत नाही. वायरीच्या टोकाला चिकटपट्टी लावून ‘साउंडबार’, ‘सेट-टॉप बॉक्स’ लिहायला इंजिनिअर लागतो का? इथे दर दुसऱ्या घरात आयटीवाला आहे! दिवसभर अमेरिकेतल्या बँकांचे सर्व्हर सांभाळता आणि संध्याकाळी काढलेली वायर परत लावता येत नाही तुम्हाला? समितीला विचारलं तर ‘पुढच्या सभेत विषय घेऊ’. पुढची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये. तोपर्यंत काय, हत्ती बघायचा?

आणि सोसायटीचं वायफाय घरात ओढणाऱ्यांनो, खाली गाडी केवढ्याची लावलीय तुम्ही, ते आम्हाला रोज दिसतं. घरचं नेट वापरा. लाज नसेल तर निदान फोनमधलं कास्ट बंद करा.

त्या रात्रीच्या गोंधळात जी लांब काळी एचडीएमआय केबल गेली, ती अजून आलेली नाही. एका टोकाला पिवळी चिकटपट्टी आहे, सोसायटीच्या पैशाची आहे. ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती वॉचमनकडे आणून द्या. कुणी काही विचारणार नाही. रविवारपर्यंत.