एक छटाक साखर येणे

माझ्या नावावर एक छटाक, म्हणजे जुन्या शेराचा सोळावा हिस्सा, साखर बाकी आहे, असे गेल्या रविवारी भर सभागृहात ध्वनिक्षेपकावरून जाहीर करण्यात आले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. १९५० साली एस. एस. सी. झालेल्या आमच्या तुकडीतले जे कोणी अजून स्वतःच्या पायांनी जिना चढू शकतात, त्यांना पहिल्या रांगेत बसवून शाल आणि नारळ देण्याचा बेत होता, आणि आयोजकांनी केवळ चांगुलपणाने "कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" असे विचारले. आमच्या वर्गाचा खजिनदार उठला. नव्वदी ओलांडलेल्या माणसाच्या हाती ध्वनिक्षेपक देऊ नये, हे मी नव्वदी ओलांडलेला माणूस म्हणूनच सांगतो.

त्याने दोन शब्द बोलण्याऐवजी कोटाच्या आतल्या खिशातून एक वही काढली. ती वही मी लांबूनच ओळखली. युद्ध संपून चार-पाच वर्षे झाली होती तरी आमच्या वाट्याला येणारा कागद युद्धावर जाऊन आल्यासारखाच पिवळट आणि खरबरीत असे. त्याच्यावर शाई फुटे, टाकाचे निब अडके आणि शुद्धलेखनातल्या निम्म्या चुकांचे खापर आम्ही बिनदिक्कत त्या कागदावर फोडत असू. आमच्या सगळ्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्या. खजिनदाराची मात्र पंच्याहत्तर वर्षांनंतरही शाबूत आहे, यावरून काळ कोणावर दया करतो याचा काही नियम नाही एवढे दिसते.

वहीत आमच्या निरोपसमारंभाचा हिशेब आहे. डिसेंबर १९४७ मध्ये साखरेवरचे नियंत्रण उठले तेव्हा पुण्यातल्या कित्येक घरांनी स्वातंत्र्य खरोखरच आले असे मानले होते; १९४९ मध्ये ते नियंत्रण पुन्हा बसले आणि रेशनकार्ड पुन्हा देवघरातल्या पोथीशेजारी जाऊन बसले. आमचा समारंभ ठरला फेब्रुवारी १९५० मध्ये. देश नुकताच प्रजासत्ताक झाला होता, पुण्याला त्याच महिन्यात महानगरपालिका मिळाली, आणि या सगळ्या घडामोडींमध्ये अकरावीच्या (एस. एस. सी. तेव्हा अकरावीला असे) चाळीस मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना गोड काय खायला घालायचे, हा प्रश्न सुटत नव्हता. रवा रेशनवर, तांदूळ रेशनवर. रताळी तेवढी मंडईत हवी तितकी मिळत. म्हणून रताळ्याची खीर, बटाट्याचा चिवडा आणि चहा असा बेत मुक्रर झाला, आणि प्रत्येकाने रोख चार आणे आणि घरच्या कोट्यातली एक छटाक साखर आणावी असा ठराव, शिक्षकांच्या अनुपस्थितीत, गोंगाटात मंजूर झाला.

आमच्या वर्गाविषयी इथे थोडे सांगायला हवे, कारण मेळाव्यात जो तो "काय ते दिवस होते!" असे म्हणत होता आणि मला ते फारसे पटत नव्हते. आम्ही अकरावीतही अर्ध्या चड्डीत जात होतो. मुली पुढच्या दोन बाकांवर बसत, शिक्षकांच्या मागोमाग वर्गात येत आणि तास संपताच त्यांच्याच मागोमाग बाहेर जात. त्यांच्यापैकी एकीशीही बोलण्याचा प्रसंग आमच्यावर आला नाही आणि आला असता तर आम्हाला घाम फुटला असता. इतिहासाच्या मास्तरांजवळ ब्रिटिश राज्याच्या फायद्यांवरची फार जुनी टिपणे होती. १५ ऑगस्ट १९४७ नंतर त्यांनी मथळा खोडून तिथे 'तोटे' असे लिहिले आणि बाकीची टिपणे शक्यतो तशीच ठेवली, त्यामुळे रेल्वे आमच्या वर्गात फायद्यातही आली आणि तोट्यातही, आणि परीक्षेत ती कुठेही लिहिली तरी गुण मिळत.

मुख्याध्यापक कायद्याचे फार पक्के. सहाव्या जॉर्जची तसबीर भिंतीवरून उतरवा म्हणून आम्ही स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा "राज्य गेले असले तरी कायद्याने राजा अजून तोच आहे," असे सांगून त्यांनी ती कपाटामागे, परंतु उभी, ठेवायला लावली. ते खरेच होते; २६ जानेवारी १९५० पर्यंत जॉर्ज सहावे कायद्याने भारताचे राजे होतेच. त्या तारखेनंतर तसबीर आडवी झाली. पुढे निरोपसमारंभात चिवड्याची ताटे ठेवायला ती उपयोगी पडली, पण ते मुख्याध्यापकांना कळू दिले नाही.

तर साखर. ज्याच्या वडिलांचे किराणा दुकान होते त्या मुलाने तागडी आणली, पण वजने दुकानाबाहेर पाठवायला त्याचे वडील तयार नव्हते. तेव्हा खजिनदाराच्या डोक्यातून युक्ती निघाली: जुना चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, आणि पाच तोळ्यांची छटाक, म्हणजे पाच रुपये एका पारड्यात टाकले की काम झाले. युक्ती उत्तम होती. अडचण एवढीच की पाच रुपये एकत्र आमच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते. खजिनदाराने ते आपल्या वडिलांकडून लेखी कबुलीवर आणले, आणि त्यानंतर त्या दिवशी त्याचे लक्ष साखरेवर नव्हते, ते त्या पाच रुपयांवर होते. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढचा सगळा अन्याय यातूनच झाला आहे.

"अनुक्रमांक तेवीस," खजिनदाराने सभागृहात वाचले आणि चष्मा कपाळावर चढवून पहिल्या रांगेत मला शोधून काढले. "चार आणे रोख, जमा. साखर..." इथे तो थांबला. त्याला थांबता फार चांगले येते. "साखर, निरंक."

लोक हसले. मीही हसलो, कारण शाल अंगावर असताना चिडलेला माणूस फार वाईट दिसतो.

"मी आणली होती," मी जागेवरूनच म्हणालो.

"मग खूण का नाही?"

"खूण तू करायची होतीस."

"तू आणली असतीस तर मी केली असती."

या युक्तिवादातून बाहेर पडायची वाट मला अजून सापडलेली नाही. मी त्याला सांगितले की माझी पुडी तागडीत असताना तुझा एक रुपया घरंगळत मास्तरांच्या व्यासपीठाखाली गेला, तू जमिनीवर पालथा पडून फूटपट्टीने तो बाहेर ओढत होतास, तुझे फक्त पाय दिसत होते आणि तेवढ्या वेळात माझी साखर कोणीतरी पातेल्यात ओतली.

"माझा रुपया आयुष्यात कधी पडलेला नाही," खजिनदार म्हणाला, आणि श्रोत्यांकडे वळला. "एकूण जमा दोन शेर सात छटाक. व्हायला हवी होती अडीच शेर. हेडमास्तरांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि ते काय म्हणाले? 'बेताची गोड आहे.' माझ्या व्यवस्थेला 'बेताची' म्हणाले! कोणामुळे?"

आता मुख्याध्यापक काय म्हणाले ते मीही ऐकले होते. "बेताची गोड आहे, प्रकृतीला चांगली," असे ते म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतली. ती स्तुती होती. शिवाय चाळीस छटाकांत एक छटाक कमी पडली तर गोडीत चाळिसावा हिस्सा घट येते, आणि ज्या मुख्याध्यापकांना चहात साखर आहे की मीठ हेही कधी कळल्याचे ऐकिवात नाही, त्यांच्या जिभेने तो चाळिसावा हिस्सा टिपला असे मानणे म्हणजे कमालच आहे. पण हे गणित मी ध्वनिक्षेपकाशिवाय मांडत होतो आणि दुसऱ्या रांगेपलीकडे ते कोणाला ऐकू गेले नाही.

मदत अनपेक्षित ठिकाणाहून आली. त्या वेळच्या पुढच्या बाकावरच्या एक बाई, ज्या आता पणजी आहेत, शांतपणे म्हणाल्या, "खीर चांगली गोड होती. तळाला थोडी लागली होती, एवढंच."

"बाई, तशी नोंद नाही," खजिनदार वही चाळत म्हणाला.

"नोंद कशी असेल? ढवळत मी होते."

मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांना नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि अत्यंत आदराने विचारले, "आपण कुठल्या साली होतात?"

कार्यक्रमानंतर चहा आला. कपांचे तबक घेऊन फिरणारा मुलगा माझ्यापाशी पोहोचायच्या आत खजिनदाराने त्याला वाटेत गाठले आणि "यांना बिनसाखरेचा दे, जुनी बाकी आहे," असे सांगितले. डॉक्टरांच्या हुकुमाने मी गेली कित्येक वर्षे बिनसाखरेचाच चहा पितो. तोच चहा शिक्षा म्हणून पिण्याची वेळ यावी, आणि तो देणाऱ्या विशीतल्या मुलाने "असू दे हो आजोबा, होतं असं लहानपणी," अशी माझी समजूत काढावी, हे मात्र मला चांगलेच लागले.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, असे मला घरी सगळ्यांनी सांगितले. पण आमच्या घरी त्या वर्षी साखर कुलपात असे. माणसे अधिक, पाहुणे त्याहून अधिक, आणि महिनाअखेर. आईने वाटीने मोजून ती साखर काढली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि वर आणखी चिमूटभर टाकली, कारण शाळेत तोलणार आहेत आणि कमी भरायला नको. पुढचे काही दिवस वडिलांच्या चहात गूळ पडला, एकदा त्याने दूध नासले, आणि त्या नासक्या दुधाबद्दल घरात जे बोलणे झाले ते आईने एकटीने ऐकून घेतले. पुडी वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदात, दोरा गुंडाळून दिली होती. कागद आणि दोरा परत आण, असे बजावले होते. मी दोन्ही परत आणले. खजिनदाराच्या वहीत या गोष्टींना रकाना नाही. माझी थट्टा झाली तर झाली, पण त्या बाईची साखर पंच्याहत्तर वर्षांनी टाळ्यांच्या गजरात निरंक ठरवायचा याला कोणी अधिकार दिला, हे मला कोणी सांगितलेले नाही.

त्याच रात्री आयोजकांपैकी कोणीतरी वहीच्या त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडे निघालो तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "बाबा, साखर आणायची आठवण ठेवाल ना?" आणि मुलगा वर्तमानपत्रामागे हसला. नातवाने मात्र तो फोटो बोटांनी मोठा करून दाखवला आणि त्यात पानाच्या अगदी तळाशी, खजिनदाराच्याच अक्षरात, मला एक ओळ दिसली: 'रु. १ पडला, सापडला.'

मी नातवाकडून त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून घेतले आणि खुलाशासह फोटो गटावर परत पाठवला. खुलासा थोडा लांब झाला हे मान्य आहे. त्यावर दिवसभरात नमस्काराचे हात, फुलांचे गुच्छ आणि कोणाच्या तरी नातीच्या बारशाचे निमंत्रण एवढे आले. खजिनदार स्वतः व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही; त्याचा मुलगा त्याला वाचून दाखवतो आणि तो सांगेल ते लिहितो. त्याचे उत्तर रात्री आले: "रुपयाचा हिशेब जुळतो. साखरेचा जुळत नाही. पुढच्या मेळाव्यात विषयपत्रिकेवर घेऊ."

एक छटाक साखर त्याच्या घरी नेऊन द्यावी आणि मोकळे व्हावे, असे मुलाचे म्हणणे आहे. मी ती देणार नाही. दिली तर बाकी होती असे होईल, आणि तो माणूस पावती फाडेल. गट सोडून द्यावा असेही मनात आले होते. पण सोडला तर गट चालवणाऱ्या आयोजकांना ते कळेल, ते खजिनदाराला सांगतील, आणि तो तेही वहीत लिहून घेईल.