जवानाच्या बुटाचं बिल नेमकं कोण मागतंय?

कोल्हापुरातल्या ग्रुपवर, मग तो तालमीचा असो, सोसायटीचा असो की शाळेच्या जुन्या बॅचचा, सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर असा: ‘सीमेवर जवान रक्त सांडतो आणि दिल्लीत एसीत बसलेला ऑडिटर त्याच्याकडं बुटाचं बिल मागतो! सैन्याचा हिशेब सैन्यच बघेल. बाहेरच्याला कागद दाखवले की शत्रूला गुपितं कळतात. ऑडिटमुळंच खरेदी रखडते. अमेरिकेत असली थेरं चालत नाहीत. महाराजांच्या मावळ्यांना कुणी हिशेब विचारला होता काय?’ खाली तिरंगा, तलवार आणि दहा जणांना पाठवायचा हुकूम.

सैनिक टाकळीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथं हा मेसेज जोरात चालणारच. म्हणून तो नीट वाचू.

बुटापासूनच सुरुवात करतो, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी चुकीची वस्तू निवडली आहे. कॅगनं, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, सियाचीन-लडाखसारख्या अतिउंचावरच्या तैनातीतले कपडे, रेशन आणि निवारा तपासला. अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आला. जवानानं बूट जास्त वापरले, असं त्यात कुठंही नाही. आहे ते असं: खरेदीला चार वर्षांपर्यंत उशीर झाला, बूट वेळेवर आले नाहीत आणि वापरलेलेच दुरुस्त करून पुन्हा घालावे लागले. जॅकेट, स्लीपिंग बॅग जुन्या बनावटीच्या घेतल्या गेल्या. रेशनची गंमत तर बघाच. ठरलेला पदार्थ नसेल तर बदली पदार्थ ‘तेवढ्याच किमतीचा’ द्यायचा नियम. बदली पदार्थ महाग असला की तेवढ्या पैशात तो कमी येणार, हे कुठल्याही किराणा दुकानदाराला कळतं. परिणाम असा की काही ठिकाणी जवानाला मिळणाऱ्या उष्मांकात ८२ टक्क्यांपर्यंत घट झाली. हे ताटात बघून कळत नाही; स्केल (म्हणजे माणशी ठरलेलं माप), दर आणि वाटपाची नोंद शेजारी-शेजारी ठेवल्यावर कळतं. म्हणजे ऑडिटर बिल मागत होता ते जवानाला बूट आणि जेवण पुरवणाऱ्यांकडं.

आता ‘सैन्याचा हिशेब सैन्यच बघेल’. आतली तपासणी आहेच. स्टोअरचा चार्ज ज्यानं घेतला-दिला आहे, त्याला विचारा बोर्ड, म्हणजे माल मोजणारी समिती, बसणं म्हणजे काय ते. शिवाय संरक्षण लेखा विभाग आहे, त्याचे लोकल ऑडिट ऑफिसर युनिटमध्ये येऊन हिशेबाच्या वह्या तपासतात. काम गरजेचं आहे, पण हा विभाग त्याच संरक्षण मंत्रालयाखाली येतो. आपल्या गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरीनंच स्वतःचं ऑडिट करून स्वतःला ‘अ’ वर्ग दिला, तर वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणाल काय? खुर्च्या उडतील. कॅगचं तसं नाही. त्यांना पदावरून काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायची जी पद्धत, तीच लागते आणि निवृत्तीनंतर सरकारी पद घेता येत नाही. १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते की, घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. आणि १९७१ च्या कायद्यानं केंद्राच्या सगळ्या खर्चाचं ऑडिट त्यांच्याकडं दिलंय. त्यातून सैन्य वगळलेलं नाही.

गुपितांचं लवकर उरकतो. अहवाल राष्ट्रपतींकडं आणि तिथून संसदेत जातो. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरच्या २०१९ च्या अहवालात किमतीचे आकडे मंत्रालयाच्या आग्रहावरून झाकूनच छापले होते, सौदा आधीच्या देकारापेक्षा २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला, एवढा निष्कर्ष मात्र दिला. हो, स्वस्त. ऑडिटर दर वेळी सरकारच्या विरोधातच लिहितो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

‘खरेदी रखडते’ यात मात्र दम आहे. बोफोर्स तोफांच्या खरेदीवर कॅगचा अहवाल १९८९ मध्ये आला, देश ढवळून निघाला आणि पुढं फाइलवर सही करायला अधिकारी बिचकू लागले. तीच तोफ कारगिलमध्ये कामाला आली. ऑडिटचा शेरा म्हणजे निकाल नव्हे, हेही खरं. कारगिलनंतरच्या शवपेटी खरेदीवर कॅगनं ठपका ठेवला, प्रचंड राजकारण झालं आणि २०१३ मध्ये विशेष सीबीआय न्यायालयानं आरोपींना पुराव्याअभावी मोकळं केलं. शेऱ्याला गुन्हा समजणारे चॅनलवाले आणि ऑडिटलाच देशद्रोह समजणारा हा मेसेज, दोघांची जात एकच.

पण दुसरी बाजूही बघा. घनघोर युद्ध ४० दिवस चालेल, एवढा दारूगोळा साठ्यात हवा, हे सैन्याचंच माप. सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवससुद्धा पुरणार नव्हते. कॅगनं हे २०१५ मध्ये सांगितलं, २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं. त्याच २०१७ मध्ये लष्कर उपप्रमुखांना दारूगोळा थेट खरेदी करण्याचे वाढीव अधिकार मिळाले. श्रेय एकट्या ऑडिटचं नाही, मध्ये उरीचा हल्ला होऊन गेला होता. पण ज्या ऑडिटनं दोनदा तुटवड्याकडं बोट दाखवलं, त्याच्यामुळंच माल आला नाही, हे म्हणणं काही पटत नाही बुवा.

अमेरिकेत २०१८ पासून पेंटागॉनचं, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याचं, दरवर्षी संपूर्ण ऑडिट होतं. २०२४ पर्यंत सलग सात वेळा त्यांना स्वच्छ शेरा मिळाला नाही, आणि ही गोष्ट तेच जाहीर करतात.

राहिले महाराज. किल्ल्यावर हवालदाराकडं किल्ल्या, सबनिसाकडं हजेरी आणि जमाखर्च, कारखानिसाकडं धान्य आणि कोठार. एकाच्या हातात सगळं द्यायचंच नाही, अशी ती बांधणी होती. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना गेलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण हिशेबानं वाटा, नाहीतर भर पावसात घोडी मरतील; रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि वैरणीची गंज पेटेल, इथपर्यंत त्यात लिहिलंय. तेव्हा पन्हाळ्यावर फोटो काढून ‘हिशेब विचारला होता काय’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

तक्रारच करायची असेल तर एक खरी तक्रार आहे. सियाचीनच्या त्या अहवालातला हिशेब २०१५ ते २०१८ चा होता आणि संसदेत तो आला २०२० मध्ये. तोवर लष्करप्रमुख म्हणू शकले की, हे चित्र आता जुनं झालंय. वर अलीकडच्या काही वर्षांत संरक्षणाचे काही अहवाल संसदेत मांडूनही कॅगच्या वेबसाइटवर टाकले गेले नाहीत. ऑडिट लवकर करा आणि जे संसदेच्या टेबलावर आलंय ते आम्हालाही वाचू द्या, असा मेसेज कुणी लिहिला तर मी दहा काय, पन्नास जणांना पाठवीन.